ज्या भागांत काही घडत नाही

दिवाळीला भाचा घरी आला होता. पुण्यात शिकतो. पाडव्याच्या दुपारी जेवणं आटोपून सगळे आडवे झाले की आम्ही दोघंच जागे असतो, आणि मग आमच्या मालिकांच्या गप्पा सुरू होतात. ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’ त्याला मीच बघायला लावली होती. फिलाडेल्फियातली सरकारी शाळा, तिथली शिक्षक मंडळी, आणि त्यांच्या मागे मागे फिरणारा डॉक्युमेंटरीवाल्यांचा कॅमेरा. त्याने चारही सीझन संपवले होते आणि क्रमही लावून टाकला होता. ‘‘मावशी, थर्ड सगळ्यात वर, मग फोर्थ, मग फर्स्ट. सेकंड एकदम खाली.’’ दुसऱ्याने काय घोडं मारलं, असं मी विचारलं. ‘‘अगं, बावीस एपिसोड आहेत! निम्मे उडवले तरी काही बिघडत नाही. स्टोरी पुढे जातच नाही. एकात ज्यूस, एकात अंडी, एकात शाळेत आग. पुढच्या आठवड्यात सगळे परत होते तिथेच.’’ एवढं बोलून तो अनारशांच्या डब्याकडे वळला. मला लगेच काही सुचलं नाही. रात्री ओटा पुसताना मात्र ते ‘होते तिथेच’ डोक्यात फिरत राहिलं. माझं निम्मं आयुष्य सरकारी शाळेत गेलंय, आणि त्यातल्या बहुतेक दिवसांचं वर्णन करायला सांगितलं तर याहून वेगळं काही मला सांगता येणार नाही.

नंबर लावणं आम्हा इंदूरकरांना नवीन नाही. २०१७ मध्ये स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला आणि तेव्हापासून शहराला त्याची गोडी लागली ती लागलीच. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते तेव्हा ओला आणि सुका असे दोन डबे घेऊन फाटकात उभं राहताना मला आजही अभिमान वाटतो. शाळेतल्या मुलांच्या रॅल्या आम्हीच काढल्या आहेत, घोषणा देऊन देऊन पोरांचे घसे बसले आहेत. पण निकाल लागतो त्या दिवशी मला आठवतात त्या पहाटे सराफ्यात झाडू घेऊन उतरणाऱ्या बायका. रात्रभर तिथे खाणाऱ्यांची गर्दी असते. भुट्ट्याच्या किसाचे द्रोण, जिलबीच्या पाकाने चिकट झालेले कागद, सगळं पायदळी पडलेलं असतं. सकाळी सोन्याचांदीची दुकानं उघडतात तेव्हा तिथे काही झालं होतं याचा मागमूस नसतो. त्या बायकांच्या रोजच्या रात्रींत तरी कुठे काही पुढे जातं? रोज तेच होतं, आणि रोज व्हावंच लागतं.

तर माझा क्रम.

पहिल्या सीझनपासून सुरुवात करते, कारण त्याच्या पहिल्याच भागाने मला पकडलं. दुसरीच्या वर्गाची बाई जनीन टीग्ज. तिच्या वर्गातला गालिचा एका मुलाच्या लघवीने खराब होतो आणि तिला नवा हवा असतो. एवढीच गोष्ट. मुख्याध्यापिका एव्हाकडे शाळेसाठी पैसे येतात आणि त्यातून ती शाळेच्या दारावर स्वतःचा फोटो असलेली पाटी लावून घेते. ते बघताना मला आमची टाटपट्टी आठवली. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते, मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांत मुलं बसतात ती तागाची लांबलचक पट्टी म्हणजे टाटपट्टी. आई शिकवायची त्या मराठी शाळेत ती होती आणि मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या वर्गातही होती. तिला धूळ, घाम आणि पावसाळ्यात कुबट ओल, असा मिळून एक वास असतो. मुलं तासभर बसून उठली की पोटऱ्यांवर तिची वीण उमटलेली असायची, आणि ती कोणाची जास्त खोल उमटली याच्या स्पर्धा लागायच्या. उसवलेल्या पट्ट्या आई शनिवारी घरी आणायची. रविवारी रामबागेतल्या आमच्या ओसरीवर पाय पसरून बसायची, दाभणात सुतळी ओवायची, दातात गाठ धरायची आणि एकेक फाटका काठ आत दुमडून शिवत जायची. शेजारच्या काकू विचारायच्या, ‘‘अहो बाई, शाळा नवी देत नाही का?’’ आई म्हणायची, ‘‘देईल तेव्हा देईल. उद्या सोमवार आहे.’’

ही मालिका जिने निर्माण केली आणि जनीनचं कामही जी करते, त्या क्विंटा ब्रन्सनची आई बालवाडीची शिक्षिका होती, आणि मालिकेतल्या शाळेला जे नाव दिलंय ते ब्रन्सनच्या सहावीच्या बाईंचं, जॉयस अ‍ॅबट यांचं. हे मला नंतर कळलं, पण मालिका बघताना जाणवत होतंच की हे कोणीतरी ओसरीवर बसून पाहिलेलं आहे. पहिल्या सीझनचा तिसरा भाग घ्या. शिक्षक आपल्या वर्गाला काय काय हवंय त्याच्या याद्या इंटरनेटवर टाकत असतात. बार्बरा हॉवर्ड, शाळेतली सर्वांत मुरलेली बाई, नकार देते. तेव्हा जनीन तिच्या नकळत तिच्या वर्गाचा करुण व्हिडिओ करून टाकते. बार्बरा रागावते. तिचं म्हणणं असं की मुलांच्या हातात जे आहे ते अपुरं आहे असं त्यांना वाटता कामा नये, आणि ते वाटू न देणं हेच तिचं काम आहे. शेरिल ली राल्फला याच भूमिकेसाठी २०२२ मध्ये टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं, तेव्हा मला हाच प्रसंग आठवला. आईकडे एकदा एक देणगीदार स्वेटर घेऊन आले होते. त्यांना आधी मुलांचा फाटक्या कपड्यांतला फोटो हवा होता आणि मग नव्या स्वेटरमधला. आईने पेटी आत घेतली, वर्गाचं दार लोटलं, एकेकाला स्वेटर घातला, डोक्यावरून ओढताना विस्कटलेले केस सारखे केले आणि मग दार उघडून म्हणाली, ‘‘या, आता काढा फोटो.’’ एकच निघाला. त्या दारामागे काय चाललं होतं ते मी पाहिलं, कारण मी त्याच वर्गात होते आणि मलाही एक स्वेटर मिळाला होता, मोरपिशी.

एवढं असूनही पहिला सीझन मी एक नंबरवर ठेवत नाही. तो तेरा भागांचा आहे आणि नेटका आहे. जवळपास प्रत्येक भाग काहीतरी शिकून संपतो. दुसऱ्याच भागात व्हरांड्यातला एक दिवा लुकलुकत असतो, जनीन तो स्वतः दुरुस्त करायला जाते आणि अख्ख्या शाळेची वीज जाते. जे आपल्या हाताबाहेरचं आहे ते तसंच राहू द्यावं, असं मोठ्या बाया तिला सांगत असतात. हे मला पटतंही आणि पटत नाहीही. नव्या बाईला ते सांगावं लागतं, नाहीतर ती वर्षभरात मोडून पडेल. पण सगळ्यांनीच ते ऐकलं असतं तर सोमवारी मुलं फरशीवर बसली असती.

आता तिसरा, भाच्याचा सर्वांत लाडका. २०२३ मध्ये अमेरिकेत लेखकांचा संप झाला, त्यामुळे हा सीझन फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला आणि चौदा भागांतच आटोपला. यात जनीन शाळा सोडून जिल्हा कार्यालयात जाते. सुट्टी नाही की राजीनामा नाही, वर बसून सगळ्या शाळांसाठी काहीतरी करायची संधी. गोष्ट पुढे जाते म्हणतात ती अशी. ऑस्करच्या रात्री दाखवलेल्या भागात सिनेनट ब्रॅडली कूपरसुद्धा येऊन जातो. मला मात्र हा सीझन बघताना छातीत काहीतरी अडकल्यासारखं होत राहिलं, त्याचं कारण माझ्याकडेच आहे. मलाही एकदा एका कार्यालयात ‘अटॅच’ केलं होतं. आमच्याकडे शिक्षकांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पगार शाळेचा, खुर्ची दुसरीकडची. काम मुलांच्या नोंदींचं होतं, समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेशातला सरकारी ओळख क्रमांक, जुळवायचं, शिष्यवृत्ती कुठे अडकली ते बघायचं. तिथे कूलर होता, अकराला आणि चारला चहा होता, आणि संपूर्ण वाक्य बोलेपर्यंत कोणी मध्ये ‘मैडम, इसने मारा’ म्हणत नव्हतं. कामही खोटं नव्हतं. माझ्या एका फोनने एका शाळेची पुस्तकं सुटली, एका मुलीच्या वडिलांच्या नावातली चूक दुरुस्त होऊन तिची अडलेली रक्कम तिला मिळाली. वर्गात राहून हे मला जमलं नसतं. जनीन तिथे राहते त्याचा मला राग येत नाही तो यामुळेच.

आणि तरी घरी येताना मी रिकामी असायचे. परत शाळेत रुजू झाले त्या दिवशी मनात होतं की मुलं गलका करतील, कुठे होतात विचारतील. तसं काही झालं नाही. पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली, तोंड उघडून अगदी माझ्या चेहऱ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘‘मैडम, देखो, दांत टूट गया.’’ हिरडीतून नवा दात, तांदळाच्या दाण्याएवढा, वर आला होता. पडला तेव्हा मी तिथे नव्हते. त्या मधल्या काळात काय काय झालं असेल, कोणाला जोडाक्षर वाचता यायला लागलं, कोणी पाटीवर पहिल्यांदा आपलं नाव लिहिलं, ते मला आता कधीच कळणार नव्हतं. तिसऱ्या सीझनमध्ये जनीनचा वर्ग नेमका असा मागे पडतो. आपण तिच्याबरोबर कार्यालयात जातो आणि मुलं आपल्यालाही दिसत नाहीत. लेखकांनी ते जाणूनबुजून केलं असेल. मला ते सोसलं नाही.

दुसरा सीझन २१ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाला आणि १९ एप्रिल २०२३ ला संपला. दर आठवड्याला जेमतेम बावीस मिनिटं, आणि तारखा बघा, शाळेचंच वर्ष. पाऊस सरता सरता सुरुवात, मध्ये सणासुदीची सुट्टी, मग हिवाळा, मग परीक्षेच्या सुमारास शेवट. बावीस भाग एका रात्रीत बघणाऱ्याला ते लांबण वाटणार. मी तो आठवड्याला एक अशा हिशेबाने, शनिवारी रात्री वह्या तपासून झाल्यावर बघितला, आणि मला तो लांब वाटला नाही. माझ्याच वर्षाला समांतर कोणाचं तरी वर्ष चाललंय असं वाटलं.

त्यात मेलिसा या शिक्षिकेकडे एकाच खोलीत दोन इयत्ता येतात, दुसरी आणि तिसरी. कोणाला हे विनोदासाठी रचलेलं वाटेल. आमच्याकडे कितीतरी शाळांत ही रोजची रीत आहे. एका फळ्यावर मध्ये खडूची उभी रेघ, डावीकडे एकांची बेरीज, उजवीकडे हातच्याची वजाबाकी, आणि बाई त्या रेघेसमोर उभी. डावीकडच्यांना बेरजा देऊन उजवीकडे वळावं तर डावीकडचा एखादा पेन्सिल कुरतडत उजवीकडचंच ऐकत बसलेला असतो, आणि कधीकधी तोच वजाबाकी आधी शिकतो. मेलिसाची त्या सीझनभर जी दमछाक होते ती लिसा अ‍ॅन वॉल्टर खांद्यांनी दाखवते. सप्टेंबरातले तिचे खांदे आणि फेब्रुवारीतले खांदे निराळे आहेत. हे तेरा भागांत दाखवता येत नाही. त्याला वर्षच लागतं.

मग तो ज्यूसचा भाग, ज्याच्यावर भाच्याचा एवढा राग. जनीनच्या प्रयत्नाने मुलांना नवा ज्यूस मिळतो, मुलं तो पोटभर पितात आणि मग शाळेच्या जुन्या स्वच्छतागृहांची जी दैना होते ती होते. भल्यासाठी केलेली गोष्ट नळाच्या पाइपात येऊन अडकते. मी हसता हसता थांबले. आमच्याकडे उन्हाळ्यात मुलांना पाणी जास्त प्यायला सांगायचं असं ठरलं, घंटा वाजवून पाणी पाजायचं. चांगली गोष्ट. पण मुलींच्या बाजूला एकच संडास चालू, त्याला कडी नाही, आणि मोठ्या मुली सकाळपासून पाणी न पिता बसायच्या ते याच कारणाने. एक मुलगी दार धरून उभी राहायची आणि दुसरी आत जायची, आणि या दार धरण्याच्या पाळ्या त्यांनी आपापसात लावून घेतल्या होत्या. आम्हा बायांना त्यांनी सांगितलंही नव्हतं. शेवटी कडी बसली. ती बसेपर्यंत जे सगळं झालं, कोणाकोणाला सांगितलं, कोणत्या वहीत मागणी लिहिली, सुतार कसा आला आणि स्क्रू नाहीत म्हणून कसा परत गेला, त्यात गोष्ट पुढे गेली का? कडी बसली. मुली पाणी पिऊ लागल्या.

आगीच्या भागात बार्बराच्या हातून मेणबत्ती जळती राहते. कधीच न चुकणारी बाई, आणि तिच्याच हातून हे. बाकीचे तिला समजावत असतात आणि तिला समजूत नको असते. हा भाग काढून टाकला तर कथानकाला खरंच काही होत नाही. बार्बरा मात्र आपल्याला अर्धीच कळेल. आईची नोकरी सरत आली तेव्हा एकदा हजेरी घेताना तिने सोडून गेलेल्या एका मुलाचं नाव पुकारलं आणि पुन्हा पुकारलं. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. त्या दिवशी ती घरी येऊन कोणाशी बोलली नाही, कुकर लावला आणि देवापाशी दिवा लावायला गेली. मला आई म्हणून जी आठवते तिच्यात तो दिवस आहे, आणि तिच्या सेवापुस्तिकेत तो कुठेही नाही.

शाळेतला शिक्षक ग्रेगरी आणि जनीन यांचं जुळतं की नाही यावर या मालिकेचे चाहते भरभरून बोलतात. मला दोघंही आवडतात. दुसऱ्या सीझनच्या शेवटी मुलांना घेऊन विज्ञान संग्रहालयात रात्रीचा मुक्काम असतो, तिथे ते दोघं बोलतात आणि तूर्त नको असं ठरतं. छान लिहिलंय. पण त्या रात्रीतलं माझं मन अंथरुणं पसरणाऱ्या शिक्षकांकडे जास्त होतं. सहलीला किंवा मुक्कामाला नेलेली मुलं झोपल्यावर त्यांच्यामधून पाय जपत चालत डोकी मोजायची, एक कमी भरलं की पोटात खड्डा, आणि मग पांघरुणाखाली दोघं एकत्र सापडले की जीव भांड्यात. हे ज्याने केलंय त्याला मागे चाललेलं प्रेमप्रकरण थोडं अंधुकच दिसणार.

चौथा सीझन ऑक्टोबर २०२४ मध्ये आला आणि पुन्हा बावीस भाग मिळाले, याचाच मला आधी आनंद झाला. दुसऱ्याच भागात शाळेत गजकर्ण पसरतं. मनगटावर ते गोल लाल चट्टे, खाजवून खाजवून सोललेली कड, शेजारी बसू न देणारी मुलं. गजकर्ण, उवा, डोळे येणं, हे आमचे तीन ऋतू आहेत आणि कोणत्याही पडद्यावर मी ते याआधी पाहिले नव्हते. शेजारी गोल्फचं मैदान व्हायला लागतं, आणि एव्हा त्या लोकांकडून आपल्या पद्धतीने शाळेसाठी वस्तू काढत राहते. ते उघडकीला येतं आणि तिची नोकरी जाते. ही तीच एव्हा, जिने गालिच्याचे पैसे पाटीवर उडवले होते. मग पालक आणि वस्तीतले लोक तिच्या बाजूने उभे राहतात, तिने कोणासाठी काय केलं ते सांगतात, आणि ती परत येते. मी रडले. जनेल जेम्सने ही बाई कुठेही गोड करून दाखवलेली नाही, तरी रडले.

आणि तिथेच मला भाच्याला काय सांगायचं होतं ते सापडलं. एव्हासाठी जे डोळे भरून येतात ते चौथ्या सीझनच्या त्या दोन-तीन भागांमुळे नाही येत. ती मधल्या बिनकामाच्या भागांत दारात टेकून उभी असते, फोनमध्ये डोकं, एखाद्या मुलाला येता-जाता नावाने हाक मारते, कोणाची आई कुठे कामाला जाते हे तिला ठाऊक असतं. तेव्हा ते आपण नोंदवतही नाही. साचत जातं. ज्याने ते भाग उडवले त्याला एव्हाचं परत येणं हे एक वळण वाटेल, आणि बस.

म्हणून दुसरा सीझन एक नंबरवर. त्याच्याखाली पहिला, मग चौथा. त्यातल्या ज्या भागात दुसऱ्या एका प्रसिद्ध मालिकेतली मंडळी शाळेत स्वयंसेवक म्हणून येतात तो मला उपरा वाटला, नाहीतर चौथा आणखी वर गेला असता. तिसरा शेवटी. त्याला शेवटी टाकताना मला बरं वाटत नाही, कारण जनीनने तिथे बसून केलं ते काम खरं आहे आणि असं काम करणारं कोणीतरी तिथे असायलाच हवं, ज्याला वर्ग माहीत आहे. पण ती शाळेत परत येते तो भाग लागला की मी पुढचे तीन सलग बघते, आणि त्याच्या आधीचे वगळते.

पाचवा १ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाला. त्याला मी अजून कुठेच ठेवलेलं नाही. सध्या शनिवारच्या रात्री मतदार यादीच्या कागदांत जातात, त्यामुळे बरेच भाग साठलेत. ते मी सलग बघणार नाही, आठवड्याला एकच बघणार. आमच्या शाळेत यंदा एक नवी बाई आली आहे, पहिलीच नोकरी, तिलाही हीच मालिका सांगितली. कुठून सुरू करू, असं तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, पहिल्या सीझनपासून ओळीने बघ, पण दुसऱ्यात घाई करू नकोस, आणि ज्यूसचा भाग बघून झाला की मला सांग, आपल्याला त्या दुसऱ्या संडासाचं बघायचंय.